मष्णू हुंदऱ्यांचे चमचे

बँकेतनं निवृत्त झाल्यावर चिंतामणींना जुन्या चमच्यांचा नाद लागला. टिळकवाडीतली त्यांच्या वयाची माणसं सकाळी फिरायला जात, हे लष्करी कॅम्पातल्या आणि शहापुरातल्या भंगारवाल्यांकडं जात. गोऱ्या साहेबांच्या जुन्या बंगल्यांतनं निघालेले काटे-चमचे पोत्यांत पडलेले असत. ते आणायचे, फडक्यानं पुसायचे आणि मागचे ठसे भिंगाखाली वाचत बसायचे, यातच त्यांची दुपार सुखात जाई. पत्नी वसुधाताई म्हणत, घरात जेवणारी माणसं दोन आणि चमचे पंगतीला पुरतील एवढे.

सुरुवातीला ते चांगलेच फसले होते. चौकटीतले बारीक ठसे बघून चांदी समजून एक जोड घेतला, आणि घरी आल्यावर कळलं की नुसता मुलामा आहे. तेव्हापासून ते ठसे नीट शिकले. ई, पी, एन, एस ही अक्षरं दिसली की आत पिवळट-पांढरा मिश्रधातू आणि वर चांदीचा थर. बाजूला कारखान्याची खूण. काही कारखाने सालासाठीही एखादं अक्षर ठोकत.

मार्गशीर्षात जवळच्या बेळगुंदी गावाहून अक्काताई हुंदरे एक पेटी घेऊन आल्या. त्यांचे सासरे मष्णू कॅम्पात ब्राऊन नावाच्या साहेबाकडं खानसामा होते. स्वातंत्र्याच्या साली साहेब विलायतेला गेला तेव्हा ही पेटी मष्णूंच्या घरी आली. आता दोन्ही मुलांनी ठरवलं होतं की चांदी आटवून वाटून घ्यायची. त्याआधी कुणा जाणत्याला दाखवावी म्हणून त्या आल्या होत्या.

आत निळ्या मखमलीवर सहा चमचे, सहा काटे होते, काळे पडलेले. चिंतामणींनी एक चमचा उलटा केला. वाटीच्या बुडाशी, जिथं तो टेबलाला घासतो, तिथं पिवळट धातू उघडा पडला होता. दांड्यावर तीच चार अक्षरं.

"अक्काताई, ही चांदी नाही. वरचा थर तेवढा चांदीचा. आटवली तर हाती काही लागायचं नाही. पेटीसकट अशीच ठेवलीत तर हौशी माणूस बरे पैसे देईल."

त्यांना वाटलं बाई हिरमुसतील. अक्काताईंनी मात्र पेटी जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "अण्णा, ही चोरीची हाय काय, एवढं कळंल काय वो?"

मग सगळं बाहेर आलं. मष्णूंनी साहेबाची चांदी उचलली असं गावात बोललं जाई. सासूबाईंनी पेटी कधी चारचौघांत उघडली नाही. म्हातारा मात्र मरेपर्यंत एकच सांगत राहिला, साहेबानं दिल्यात.

चिंतामणींनी फडकं मागवलं. दांड्याच्या टोकाला वेलबुट्टी होती, म्हणजे हुंदऱ्यांच्या घरात तिला वेलबुट्टीच समजत. काळेपणा उतरला तसं भिंगाखाली वेगळंच दिसू लागलं. एकमेकांत गुंतवलेली दोन इंग्रजी अक्षरं होती. एम आणि एच. दुसरा चमचा, तिसरा, मग काटे, सगळीकडं तीच. सालाचं अक्षर पुस्तकाशी ताडलं, तर साहेब गेला त्याच्या आदल्याच वर्षाचा माल.

"कोर्टात टिकेल असा पुरावा नाही हा," ते म्हणाले. "पण साहेबाच्या घरचे असते तर यावर ब्राऊनचा बी असता. हे मष्णू हुंदरे आहे. कुणीतरी मुद्दाम कोरून घेतलंय."

अक्काताईंनी त्या अक्षरांवरनं बोट फिरवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी ती अक्षरं पुन्हा दाखवायला लावली, कुठलं मष्णूचं आणि कुठलं हुंदऱ्यांचं. मग पदरानं डोळे टिपले आणि वसुधाताईंनी दिलेला चहा निवांत प्याल्या. जाताना विचारलं, राखेनं घासलं तर चालंल काय? चिंतामणी घाईघाईनं म्हणाले, राख नको, चिंच नको, थर निघून जाईल, मऊ फडकं बास.

मुलांनी पेटी विकली नाही, वाटलीही नाही. माघात अक्काताईंच्या नातीचा, आरोहीचा साखरपुडा झाला, तेव्हा चिंतामणी आणि वसुधाताईंना बोलावणं आलं. मांडवात अक्काताई गावातल्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या हातानं खीर वाढत होत्या, आणि प्रत्येकाला चमचा देताना दांड्यावरचं नाव दाखवत होत्या. चिंतामणींच्या वाटीत काटा आला, कारण चमचे संपले होते. काट्यानं खीर खाणं सोपं नव्हतं, पण त्यांनी दोनदा मागून घेतली.