स्पीकरमधला कापूस

आमच्या सिंदीच्या घरी बाबांनी हौसेने घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर अजून आहेत. सगळं गाव बड्या कंपन्यांच्या नावावर भाळलेलं असताना बाबांनी अशा कंपनीचा संच उचलला, की जिचं नाव दुकानदारालाही धड घेता येत नव्हतं. लोक हसले. मी मात्र हिरव्या उजेडात गाण्याबरोबर डोलणारे त्याचे दोन काटे बघत तासन् तास बसायचो. तबल्यावरची थाप थेट पोटात जाणवायची. तसा आवाज पुढे महागड्या दुकानांतही मला सापडला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मी नोकरीसाठी बाहेर पडलो आणि मधल्या काळात कधीतरी त्याचा आवाज बसला. घरच्यांनी कंपनीला नावं ठेवली. तिच्या बाजूने एकटे बाबा. "मशीन चांगली हाये, आताचे गाणेच फुसके हायेत," म्हणायचे.

यंदा साफसफाई काढली तेव्हा बायकोने निकाल देऊन टाकला. "दिवाईच्या आधी नीट वाजलं तं ठेवजा, नाई तं भंगारवाल्याले देऊन टाकजा."

त्या दिवशी बाबांच्या ताटातली भाजी तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी ओसरीवर स्पीकरची मागची फळी उघडली आणि बघतच राहिलो. आत कापूस. गासडी बांधताना दाबतात तसा, बोट शिरणार नाही इतका ठासून भरलेला.

"बाबा, हे कोनं केलं?"

"मीच, तू नोकरीले गेल्यावर. दुकानदार म्हने, आत थोडा कापूस टाका, आवाज खुलते."

आता जन्मभर कापसाचा व्यापार केलेल्या माणसाचा 'थोडा' म्हणजे किती, हे त्या बिचाऱ्या दुकानदाराला काय ठाऊक! दोन्ही खोक्यांतून निघालेल्या कापसात एक गादी सहज भरली असती. मी मूठमूठ आत ठेवला, फळ्या लावल्या आणि मोबाइलची वायर जोडून एक जुनं भजन लावलं.

काटे उसळले. तबल्याची तीच थाप, त्याच जागी. मी वेड्यासारखा हसत सुटलो. बायको कणकेच्या हातांनी दारात आली, अख्खं भजन ऐकलं आणि म्हणाली, "हॉलमधी ठेवा. इथं धूळ बसते."

"बाबा, तुमचंच खरं निघालं," मी म्हणालो. "मशीनमधी काईच खोट नव्हती."

बाबा कापसाच्या ढिगाशी बसले होते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून, बाजारात पारखायचे तसा धागा ताणून बघत होते.

"कापूस बी चांगलाच होता," ते म्हणाले.