ओसरल्यावर भिणारे गुलाबकाका

नदीला पूर आला की अख्खं हिंगणी घाबरायचं आणि आमचे शेजारी गुलाबकाका ओट्यावर बसून निवांत सुपारी कातरायचे. पाणी उतरायला लागलं की गावाच्या जिवात जीव यायचा आणि काकांचा अडकित्ता थांबायचा. धोतर खोचून ते घरोघर फिरत, मातीच्या भिंतींना हात लावून पाहत, सामान काढायला निघालेल्या बायांना दारातच अडवत. "ओसरून राह्यलं ना? मंग आता मले भेव वाटते. आत नोका जाऊ बाई."

काकांचं घड्याळ उलटं चालतं, असं आम्ही म्हणायचो. काकू तोंड सोडायच्या तेव्हा ते शांतपणे पेपर वाचत. काकूंचा राग ओसरला की मात्र चपला घालून आमच्याकडे येत. "चूप झाली ते," दाराकडे बघत हळूच सांगत. "थोडा वेळ बसतो इथंच." माझी बायको हसत चहा टाकायची.

या भीतीमागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते लहान असताना घरात कमरेइतकं पाणी शिरलं होतं. सगळे देवळाच्या ओट्यावर बसून राहिले. पाणी उतरलं, ऊन पडलं, लोक हसायला-बोलायला लागले. आई म्हणाली, चूल तरी पाहून येते. भर पुरात उभी राहिलेली भिंत ती आत असताना बसली. "पानी होतं तवा त्यानंच धरली होती ते," काका म्हणाले. "आमाले का मालूम?"

माझी रेणू पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. तिला डेंग्यू झाला. ताप चढत होता तोवर आम्ही दोघं नवरा-बायको तिच्या उशाशी जागे होतो. काका रोज येत, कपाळाला हात लावत आणि जात. एका सकाळी ताप उतरला. बायकोने देवापुढे दिवा लावला, मी दाढी करायला बसलो. कितीतरी दिवसांनी घरात मोठ्याने बोलणं ऐकू आलं.

ते ऐकूनच काका आले. "ताप गेला, काका," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कवा?" असं विचारत ते सरळ आत गेले आणि रेणूचं पांघरूण बाजूला करून त्यांनी तिचे पाय धरले.

"थंडे आहेत रे सुधाकर. काऊन थंडे आहेत?"

मी हात लावला. पोरगी पोट दुखतं म्हणाली आणि ओकली. माझ्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. मिळेल त्या गाडीने आम्ही वर्ध्याला निघालो. केळझरच्या देवळाचा कळस दिसला तेव्हा मी हात जोडले नाहीत. हातात तिचे पाय होते आणि सोडायची भीती वाटत होती. पुढे बसलेले काका मागे वळून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "बोलत राय तिच्यासंग."

रेणू वाचली. या आजारात ताप उतरल्यावरच जास्त जपायचं असतं, असं डॉक्टर म्हणाले. काकांना मी ते सांगितलं, तर त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "मले ते ठाव नोतं बापू. मले नुसतं भेव वाटलं."

गेल्या हिवाळ्यात काकांच्या छातीत पाणी झालं. वर्ध्याला रेणूच्याच दवाखान्यात ते काढलं आणि धाप थांबली. त्यांच्या दोन्ही मुलांचे चेहरे खुलले, ती खाली चहा प्यायला गेली. जाताना मलाही बोलावलं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"ओसरलं, सुधाकर."

"हो काका."

"तुले भेव वाटून राह्यलं का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "वाटून राह्यलं, काका."

"मंग बस. जाऊ नोको."

मी पायथ्याशी बसलो. पांघरूण बाजूला करून त्यांचे पाय हातात घेतले आणि चोळू लागलो. मुलं चहा पिऊन हसत वर आली, तेव्हाही मी चोळतच होतो.