हवालदार कोणाच्या हाताखाली

लढाई संपली तरी धान्याची टंचाई संपली नव्हती. धुळ्याच्या आमच्या पुरवठा कचेरीत मी हेडकारकून होतो. माणसे कमी होती आणि काम वाढत होते. त्यातच वरून एक परिपत्रक आले. पलटणीतून सुटका व्हायला अवकाश असलेल्या लष्करी इसमांना मुलकी कचेऱ्यांत कसे नेमावे, याचे नियम त्यात होते. मागोमाग, पावसाळा सुरू झाल्यावर, एक हवालदार दारात येऊन उभा राहिला. टाचा जुळवून त्याने सलाम ठोकला तो नेमका आमच्या पट्टेवाल्याला. पट्टेवाल्याच्या छातीवर पितळी बिल्ला होता आणि माझ्या अंगात साधा कोट.

मला कामाची यादी केल्याशिवाय सुचत नाही. नियम दोनदा वाचून मी अडचणी लिहून काढल्या. हजेरीबुकात त्याने सही करायची का? आमच्या नोकरवर्गात तो नाही, मग कोणत्या रकान्यात? त्याला खुर्ची द्यायची का? शिस्त लष्कराची, असे चौथे कलम म्हणत होते. कामाचे तास आणि सुट्ट्या कचेरीच्या, असे नववे. तो स्वतः चौथे कलम मानणारा. वरिष्ठापुढे बसायचे नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक. पण मी वरिष्ठ की नाही, हे ना त्याला ठाऊक, ना मला. म्हणून तो उभ्यानेच रेशनची कार्डे लावत असे.

"हवालदार, बसा हो," मी म्हणायचो.

"हुकूम आहे का, भाऊसाहेब?"

"हुकूम नाही. मला तुम्हाला हुकूम देता येतो का, तेच विचारलंय वर."

"मग उत्तर येईतो उभा राहतो."

पट्टेवाला म्हणाला, "राहू द्या, भाऊसाहेब. तेवढीच कचेरीला शोभा."

श्रावण लागला आणि गाडे खऱ्या अर्थाने अडले. हवालदाराचे गाव नरडाण्याच्या पुढे, बैलगाडीच्या वाटेवर. घरी आई आणि थोरला भाऊ. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे. ते आदल्या दिवशी घरीच जात्यावर दळायचे. रोट खायचा तो घरच्यांनीच. हा पलटणीत गेल्यापासून म्हातारीने कानबाई मांडली नव्हती. परमुलखात असलेल्या मुलाची मूठ धरावी तर तो आहे की नाही कोण जाणे, न धरावी तर तो नाही असे आपल्याच हाताने म्हटल्यासारखे. आता तो परत आला हे कळल्यावर तिने बाजाराला येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर निरोप धाडला. या वर्षी ये. डोळे चाललेत, पुढच्या वर्षाचे मला सांगता येत नाही.

"मग जा की," मी म्हणालो. "रविवार म्हणजे सुट्टी. अर्जसुद्धा नको."

"सुट्टी कचेरीला आहे, भाऊसाहेब. मला धुळे सोडायला पास लागतो. मोटारस्टँडवर लष्करी पोलीस असतात. बिनपासाचा सापडलो तर सुटकेच्या कागदावर शेरा पडेल. मग कुठली नोकरी?"

"साध्या कपड्यांत जा."

"गणवेश उतरवायला मनाई आहे. सातवं कलम."

सातवे कलम खरोखरच तसे होते. पास कोणी द्यायचा, ते मात्र कुठेच नव्हते. त्याच्या छावणीला लिहिले तर उत्तर आले, इसम मुलकी खात्याकडे असल्याने त्या खात्याने ठरवावे. आमच्या साहेबांपुढे कागद ठेवला. ते म्हणाले, "शिस्त लष्कराची. मी कसा पास देऊ?" कागद परत छावणीकडे गेला. रविवार तेवढा थांबेना.

मी परिपत्रक पुन्हा वाचायला घेतले. शेवटून दुसऱ्या कलमात वाट सापडली. कचेरीप्रमुखास अशा इसमाला जिल्ह्याच्या हद्दीत कामगिरीवर पाठवता येईल. कामगिरीवर असलेल्याला पास लागत नाही, कचेरीची चिठ्ठी पुरते. कामगिरी कसली? त्याच्याच गावच्या धान्यसाठ्याची तपासणी. पण लष्करी माणसाला एकट्याने तपासणी करायचा अधिकार नाही, बरोबर मुलकी माणूस हवा. मुलकी माणूस म्हणून मी माझेच नाव घातले. साहेबांनी सही केली. हवालदाराने मला असा काही सलाम केला की दौतच लवंडायची. सगळे नियमात बसले होते आणि मी खुशीत होतो. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दौऱ्याची सूचना गावच्या पाटलाकडे गेली. ती प्रत्येक दौऱ्याआधी जातेच. तिचा वेगळा विचार करावा, असे मला सुचले नाही, आणि हवालदारालाही नाही.

शनिवारी कोळशावरच्या मोटारीने निघालो. सोनगीरच्या चढाला उतरून ढकलावे लागले. ढकलणाऱ्यांत हवालदार सगळ्यात पुढे. नरडाण्याहून बैलगाडी केली. तो गाडीत बसला नाही, मागून चालत आला. मी तरी कोणते कलम काढून त्याला बसवणार?

वाटेत तो सांगत होता, "आज वेशीपासूनच जात्यांचा आवाज येईल बघा. बठ्ठं गाव दळत असतं."

वेशीत आलो तर सगळीकडे चिडीचूप. एकाही घरातून जात्याचा आवाज नाही. दारे लोटलेली. एका ओट्यावर दोन बाया उभ्या होत्या, त्याही आम्हाला पाहून आत गेल्या. हवालदाराने माझ्याकडे पाहिले. गावात काही वाईट घडले की काय, असे मलाही वाटून गेले.

तेवढ्यात पाटील हात जोडत आले. "या साहेब. तुमचा कागद आला तशी दवंडी दिली. पण गावात गहू नाहीच हो. कोणाच्या घरात दाणा मिळायचा नाही."

"कानबाईचे?" हवालदाराने विचारले.

पाटलांची नजर त्याच्या खाकीवरून वर गेलीच नाही. "कानबाई यंदा कोणी मांडत नाही, साहेब," ते म्हणाले, आणि खाली पाहू लागले.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमच्याच सूचनेने सारा गाव जप्तीच्या भीतीने गहू लपवून बसला होता, आणि ज्याच्यासाठी ती सूचना निघाली त्याचे घरही त्यातच.

हवालदार वळला तो सरळ घराकडे निघाला. मी आणि पाटील मागे. दारात त्याची आई उभी होती. वाळकी, ताठ, हात चौकटीला लावून. दिसत होते ते तिला एवढेच, की खाकीतला कोणीतरी उंबऱ्याशी आला आहे.

"घरमा एक दाना नही शे, भाऊ," तिने सांगून टाकले. "पाहिजे तं घर झाडी ल्या."

हवालदाराने टोपी काढली. "माय, मी शे."

मग पुढे होऊन तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कान, हनुवटी, पुन्हा कान. "तू शे," ती म्हणाली. "मंग तो तपासनारा कोठे शे?"

"तो बी मीच शे, माय."

पलीकडच्या ओट्यावरून एक बाई हसत ओरडली, "वा रे दादा! लढाईथून उना आनि पयला छापा मायवरच!"

म्हातारीला हसू आले की रडू, मला सांगता येणार नाही. तिने थोरल्याला हाक मारली. त्याने गोठ्यातल्या कडब्याखालून एक गाठोडे ओढून काढले. पाटलांनी लगेच तोंड फिरवून आभाळ पाहायला सुरुवात केली.

"साहेब," ते माझ्या कानाशी आले, "म्हणजे तपासणी आहे का नाही? गाव काय समजायचं?"

मीही तेच मनाशी विचारत होतो. कामगिरी खरी होती, चिठ्ठी खरी होती. तपासणी नाही म्हणावे तर हवालदार बिनपासाचा ठरतो. आहे म्हणावे तर सगळ्या गावाची कानबाई बुडते आणि पहिले गाठोडे जप्त होते ते याच्या आईचे. मी चष्मा पुसला. गाठोडे पुन्हा दिसायच्या आत पाटलांना म्हणालो, "तपासणी झाली. तुम्ही म्हणालात तसंच आहे."

पाटील जवळजवळ पळतच गेले. थोड्या वेळाने कुठेतरी एक जाते फिरू लागले, मग दुसरे.

म्हातारी टोपलीपुढे बसली होती. थोरल्याची सव्वा मूठ तिने घातली. मग गव्हात हात घालून ती थांबली आणि माझ्या दिशेने तोंड केले.

"तुमीन कचेरीना मोठा मानूस. सांगा. हाऊ परत जाई?"

"सोमवारी," मी म्हणालो. "माझ्याबरोबरच."

"मंग याले घरमा धरू का सरकारमा?"

छावणीला आणि आमच्या साहेबांनाही न सुटलेला प्रश्न तिने मला विचारला होता, आणि तिची मूठ भरलेली होती. परिपत्रक माझ्या खिशात होते. त्यात या बाबतीत काही नाही हे मला पाठ होते.

"घरात धरा, आक्का," मी म्हणालो.

तिने मूठ टोपलीत सोडली, वर पाव मूठ घातली, आणि टोपली जात्याकडे सरकवली. मग मला म्हणाली, "आते तुमीन उठा, भाऊ. हाई दयन घरनं शे. तुमना जेवन पाटीलना घर."

दळण घरच्यांचेच, म्हणून मी उठलो. हवालदार उंबऱ्याशी टाचा जुळवून उभाच होता. कामगिरीवर असताना त्याने मुलकी माणसाबरोबर राहायचे असते.

"मी काय करू, भाऊसाहेब?"

"बसा."

"हुकूम आहे?"

"हुकूम आहे," मी म्हणालो, आणि तो पहिल्यांदा खाली बसला. मांडी घालून, जात्याशी, गणवेशातच. खुंट्याला त्याचा आणि आईचा असे दोघांचे हात लागले तोवर मी पायऱ्या उतरलो होतो.