घाटातच काळा होणारा पडदा

मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर आमच्याकडे सिरसाळ्यातच राहिला आणि त्यावरचा ट्रक चालवायचा गेमही. रविवारी दुपारी ती तिकडून तिच्या लॅपटॉपवर एक ट्रक चालवते, मी इकडून दुसरा. दोघांच्या कानाला हेडफोन. खरं सांगायचं तर मला त्या गेमचं काही पडलेलं नाही. पण एरवी फोनवर ही पोरगी "बरी हाय, जेवले, ठेवते" एवढंच बोलते. ट्रक हातात आला की मात्र तिची जीभ मोकळी होते. घरमालकीण, मेसची पातळ आमटी, ऑफिसातले रुसवेफुगवे, सगळं बाहेर येतं. आठवड्यातली तेवढीच मुलगी माझ्या वाट्याला येते.

यंदा दसरा झाला आणि कॉम्प्युटर बिघडला. शाळेची कामं व्हायची, यूट्यूब चालायचं. गेम लावला की घाट चढता चढता पडदा काळा. दिवाळी होऊन गेल्यावर एकदा ती म्हणाली, "पप्पा, एक सांगायचं हाय..." आणि खलास. पुन्हा चालू करून जोडून घेईपर्यंत तिचं बोलण्याचं मन गेलेलं. "काय सांगत होतीस?" विचारलं, तर "काई न्हाई, राहू द्या." पुढच्या रविवारीही तेच. मी वर्गात पोरांवर उगाच खेकसायला लागलो.

मग वणवण सुरू झाली. लाइटचा दोष म्हणून स्टॅबिलायझर बसवला. विंडोज नव्यानं टाकलं. रॅम काढून खोडरबरानं घासली. शेवटी सीपीयूचा डबा शालीत गुंडाळून बायकोच्या मांडीवर दिला आणि मोटारसायकलवर परळी गाठली. वाटेत ओळखीच्या एकानं विचारलं, "सर, दवाखान्यात का?" समजावून सांगायचंही त्राण नव्हतं, मी हो म्हणालो. दुकानदारानं हवा मारून धूळ उडवली, पॉवर सप्लाय बदलला. घरी आलो, पहिल्याच घाटात पडदा काळा. पुन्हा परळी. "सर, ग्राफिक्स कार्डच गेलं असंल. लई जुनं हाय," तो म्हणाला. असंल म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं.

बायको वैतागली. "कावून त्याच्या मागं लागलाव? द्या भंगारात." मी तिच्यावर ओरडलो आणि मग तसाच बसून राहिलो. थकलो होतो.

संक्रांतीच्या आसपासच्या एका रविवारी मुलीनंच व्हिडिओ कॉल केला. "पप्पा, आपणच उघडू. पेचकस घ्या."

फोन तांब्याला टेकवून ठेवला. ती सांगत गेली, मी करत गेलो. हा स्क्रू काढा, डबा आडवा करा, ती खिट्टी दाबा, कार्ड अलगद ओढा. त्या कार्डाचा पंखा खाली तोंड करून बसलेला, वरून दिसतच नाही. कार्ड उलटं केलं, तर पंख्याच्या दांड्याभोवती दोरा करकचून आवळलेला आणि त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. पंखा बोटानंही हलेना. गेमचा ताप सोसेना म्हणून बिचारा कॉम्प्युटर बंद पडत होता.

खंडेनवमीला विळा, खुरपं, मिक्सर, मोटारसायकल यांच्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली होती. मुलगी सुट्टीला आलेली. डब्याला हार अडकवायला जागा नाही, म्हणून तिनं दोऱ्याचं टोक जाळीतून आत खोवलं होतं. हार उतरवताना ते तुटून आतच राहिलं.

"मीच खोवलं होतं की ओ!" ती हसली. मी चष्मा वर करून ब्लेडनं दोरा कापायला लागलो.

"पप्पा, मला कामावरून काढलं," ती म्हणाली. "दिवाळी झाल्या झाल्याच."

मी ब्लेड खाली ठेवलं. इतके रविवार हे तिच्या ओठांशी येऊन परत जात होतं आणि मी परळीच्या खेपा घालत होतो.

"घरी ये," मी म्हणालो. "आजच निघ."

"न्हाई पप्पा. शोधायलेय. मिळंल. आईला एवढ्यात सांगू नका."

मी उरलेला दोरा ओढून काढला आणि पंख्याला टिचकी मारली. तो गरगर फिरला. तिला दिसावा म्हणून कार्ड फोनपुढं धरलं.

तिनं नाक ओढलं. "फिरायलाय की," म्हणाली. "पप्पा, माझं मी बघते. तुमी फक्त हे रविवारचं बंद पडू देऊ नका."