शिवनेचा पट्टेरी मासा

दुष्काळात संभाजीनगरला फिरायला कोण जातं? मी गेले, एका बोटभर पट्टेरी माशासाठी. तिथल्या एका कॉलेजात शिवना नदीतला जुना नमुना बरणीत आहे. त्याचा डीएनए आजच्या माशाशी जुळला आणि इतर नद्यांतल्या माशांहून वेगळा निघाला, तर ही जात फक्त शिवनेचीच ठरणार होती. मग नदीसाठी भांडायला माझ्या हातात काहीतरी आलं असतं.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली तर दुपारी नान-खलिया खाता येतो. जरूर खा. पाणी मात्र सोबत न्या. लॉजवाल्याने मला एक बादली दाखवली, "म्याडम, आज एवढंच."

कॉलेजचं संग्रहालय सांभाळणारे शेखमामू निवृत्तीला आलेत. बरण्या आरशासारख्या लख्ख. "इस्पिरिट उडून जातं ना, म्हणून मी हर साल फॉर्मालिन डालतो. एक मासा सडू दिला नाय!"

माझं तोंड उतरलं. फॉर्मालिनने मासा टिकतो, पण डीएनएचा चुरा होतो. त्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगू? माशाची डावी बाजू पुढच्या अभ्यासकांसाठी अखंड ठेवतात, म्हणून उजवीकडून तांदळाएवढा तुकडा कापून घेतला.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने लासूर स्टेशन, पुढे शेअर रिक्षा. जिवंत मासा मिळेल म्हणून शिवनेचा डोह गाठला, तर तळाला भेगा पडलेल्या. शेजारच्या शेतातून गयाबाई आल्या.

"टँकरवाल्यानं मोटार लावली. चार दिसांत खडखडाट. मासं तडफडाया लागले, मग आम्ही येचले."

"सगळे?"

"मंग काय करावं? खाल्ले. उरलेले वाळवले." त्यांनी घरातून डबा आणला. तळाशी मूठभर पट्टेरी मासे होते.

मला आनंद झाला, याची आज लाज वाटते. वाळलेल्या माशात डीएनए बरा टिकतो.

"ह्यांच्यापून परत मासं व्हतील का, ताई?"

"बघू, मावशी," मी म्हणाले. डब्यावरचा हात सुटावा म्हणून म्हणाले. त्यांनी सगळे दिले, माझा नंबर घेतला.

घरी येऊन बरेच महिने झाले. मामूंच्या माशातून डीएनएचे मोडके तुकडेच निघाले, पण पुरले. तो गयाबाईंच्या माशांशी जुळला, इतर नद्यांतल्यांशी नाही. जात नवी, फक्त शिवनेची. पाऊस झाल्यावर सहकाऱ्यांनी वरच्या-खालच्या सगळ्या डोहांत जाळी टाकली. एकही सापडला नाही. तरी लॅबमध्ये पेढे वाटले गेले. मी खाल्ला नाही.

काल गयाबाईंचा फोन आला.

"ताई, डोह काठोकाठ भरलाय. आमचे मासं कधी आणून सोडता?"