बाबांच्या शब्दांमधलं अंतर

बाबांचा आवाज मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. शब्दांच्या लहान लहान टेकड्या आणि त्यांच्यामध्ये शांततेच्या लांबलचक सरळ रेषा.

अर्धांगवायूनंतर बाबा पुन्हा बोलू लागले होते, पण प्रत्येक शब्दाला फार वेळ लागायचा. लाजून ते फोनही घेईनासे झाले. बेळगावच्या आत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र त्यांना द्यायच्याच होत्या. म्हणून मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि मधल्या रेषा पुसायला बसले. रेषेवरून माउस ओढला, डिलीट दाबलं, की शब्द एकमेकांजवळ सरकत. एकदा घाईत ‘ताई’मधला ‘ता’च उडाला. अनडू दाबताच तो जागेवर परतला. ही सोय ज्या कुणी केली, त्याचे मी मनोमन आभार मानले. चूक सुधारता येते म्हटलं की माणूस किती निवांतपणे काम करतो!

बाबांनी सगळं ऐकलं. “हा... मी?”

“हो बाबा, सगळे शब्द तुमचेच.”

त्यांचे डोळे भरून आले. “पाठव,” म्हणाले.

थोड्याच वेळात आत्याचा फोन आला. बाबांनी स्वतःहून हात पुढे केला. “ताई...” म्हणाले आणि अडकले. मी कासावीस झाले.

“सावकाश बोल रे,” पलीकडून आत्या म्हणाली. “मला कुठं जायचंय?”

बाबा हसले. मग आपल्या संथ चालीनं ते बोलत राहिले, आणि मी कॉम्प्युटर बंद केला.