रुळावरची लोंबी

दसऱ्याला वाशिंदच्या बाजारात तोरणातल्या भाताच्या लोंब्यांचा वास आला, की मला माथेरानची छोटी गाडी आठवते. आमचं गाव मुरबाडकडचं, पण बाबांची सारी नोकरी त्या गाडीचे रूळ तपासत घाटात गेली. ते निवृत्त झाले आणि पुढे एका मोठ्या पावसात रूळ वाहून जाऊन गाडीच बंद पडली. ती पुन्हा सुटणार होती, त्या सकाळी बाबांनी दसऱ्यापासून दारावर टांगलेली लोंब्यांची जुडी उतरवली. "दारातली लक्षुमी कुठं नेता?" आई चिडली. "जिनं पोसलं तिच्याकडं," एवढंच ते म्हणाले. मी नि बाबा नेरळला पोचलो तर इंजिन झेंडूत बुडालेलं, भोवती पाहुणे, फोटोवाले आणि वारशावर चाललेलं भाषण. मी म्हटलं, "बाबा, तुमी पुढं जा ना, सांगा, मी इथलाच." ते हसले. "इंजिनाला लई मानसं हायेत गो. रुळाला कोन हाय?" फलाटाच्या टोकाशी जाऊन त्यांनी जुडी दोन रुळांमधल्या खडीवर ठेवली आणि चपला काढून हात जोडले. शिट्टी देत गाडी तिच्यावरून गेली. सगळे डब्यांकडे बघून हात हलवत होते, तेव्हा बाबा वाकले आणि रुळावर तळवा टेकून डोळे मिटून राहिले. "थरथरतोय अजून," म्हणाले, आणि मगच चपला घातल्या. आता मी पोरांना घेऊन त्या गाडीत बसते. पोरं खिडकीतून दरी बघतात; मी चपला काढून पाय डब्याच्या फळीवर टेकवते.